बेळगावच्या कानाने: संगीत, मालिका आणि चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील परिचित मंडळी संगीत, मालिका आणि चित्रपट यांविषयी मला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतात. त्यांपैकी जे सर्वाधिक वेळा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आवडीनिवडी सर्वस्वी माझ्या आहेत आणि त्या मी कोणाच्याही वतीने मांडत नाही.

१. तुम्ही मराठी जास्त पाहता-ऐकता की कन्नड?

मराठी. घरातील बोलणे, शाळा आणि वाचन हे सारे मराठीत झाल्यामुळे पहिली ओढ तिकडेच असते. परंतु बेळगावात राहणाऱ्या माणसाचा कान एका भाषेवर थांबत नाही. बाजारात, बसमध्ये, कचेरीत कन्नड कानावर पडतच असते आणि रेडिओच्या काळात तर एकाच संचावर धारवाड केंद्रही लागे आणि सांगली केंद्रही. त्यामुळे कन्नड गाणे मला परके वाटत नाही, मग त्यातील एखाद्या ओळीचा अर्थ शेजाऱ्याला विचारावा लागला तरी चालतो.

२. एखादी कलाकृती चांगली की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवता?

पडद्यावरचा माणूस ज्या मातीतला आहे असे सांगितले जाते, त्या मातीचा आवाज त्याच्या तोंडून आणि भोवतालातून येतो का, हे मी सर्वांत आधी पाहतो. कथेतील वळणे, कलाकारांचा लौकिक, खर्च केलेला पैसा यांचा विचार त्यानंतर. सीमाभागातला शेतकरी दाखवायचा आणि त्याच्या तोंडी पुस्तकी वाक्यांत दोन-चार वेळा ‘लई’ पेरलेली भाषा घालायची, असे झाले की त्या पात्रावरचा माझा विश्वास तेथेच उडतो. संगीतालाही मी हीच कसोटी लावतो. वाद्य कोणत्या गावचे, गाणारा कोणत्या श्वासाने गातो आणि गाणे त्या प्रसंगात आपसूक उगवले आहे की वरून चिकटवले आहे, एवढे कळले की माझे मत बनते. पुढील बहुतेक उत्तरे याच कसोटीवर उभी आहेत, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगत नाही.

३. मला कन्नड जेमतेम समजते. कन्नड चित्रपटांची सुरुवात कोठून करावी?

गाण्यापासून. ‘मुंगारु मळे’ (२००६) या चित्रपटातील ‘अनिसुतिदे याको इंदु’ हे गाणे सोनू निगम यांनी गायले आहे. ते स्वतः कन्नड भाषक नसूनही त्यांच्या गाण्यात प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येते, त्यामुळे नवख्या कानाला शब्द सुटे करून घेता येतात.

त्यानंतर राम रेड्डी दिग्दर्शित ‘तिथि’ (२०१५) पाहावा. मंड्या भागातील एका खेड्यात १०१ वर्षांचे आजोबा वारतात आणि त्यांच्या दिवसकार्यापर्यंतच्या काळात मुलगा, नातू आणि पणतू हे तिघे आपापल्या वाटेने कसे वागतात, एवढेच त्यात घडते. बहुतेक भूमिका गावातल्याच माणसांनी केल्या असल्यामुळे कोणीही ‘अभिनय’ करीत आहे असे वाटत नाही. मंड्याची कन्नड आपल्याकडील कन्नडपेक्षा बरीच निराळी आहे, तेव्हा पहिला अर्धा तास काही कळले नाही तरी नेट सोडू नये. तिसरा चित्रपट कोणता पाहावा, याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

४. डब केलेला चित्रपट पाहावा की मूळ भाषेत सबटायटलसह?

मूळ भाषेत. अभिनयाचा अर्धा भाग आवाजात असतो आणि डबिंगमध्ये नेमका तोच काढून घेतला जातो. ‘कांतारा’ (२०२२) या चित्रपटाचे उदाहरण घ्या. भूतकोलाच्या, म्हणजे किनारपट्टीवरील दैवत अंगात येण्याच्या विधीत नायक ऋषभ शेट्टी यांच्या तोंडून निघणारी आरोळी, तिच्या आधीचा श्वास आणि नंतर गावकऱ्यांची किनारपट्टीच्या कन्नडमधील कुजबुज हे सारे एकाच जागेचे आहे. हिंदी आवृत्तीत आरोळी तिथली राहते, माणसे मात्र स्टुडिओतली होतात.

कर्नाटकात या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. कन्नड चित्रसृष्टी टिकावी म्हणून १९६० च्या दशकापासून डब केलेले चित्रपट राज्यात येऊ न देण्याचा प्रघात पडला आणि २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या बंधनाविरुद्ध निर्णय दिल्यानंतर तो सैल झाला. बंदी मला मान्य नाही, कारण काय पाहायचे हे प्रेक्षकानेच ठरवले पाहिजे. तरीही त्या प्रघातामुळे आपल्याकडच्या कितीतरी प्रेक्षकांना परभाषेतील चित्रपट त्याच भाषेत ऐकण्याची सवय लागली, हा लाभ मी मनापासून मानतो. या नियमाला माझा एक अपवाद आहे, तो प्रश्न १४ मध्ये सांगितला आहे.

५. शास्त्रीय संगीत समजत नाही. कुमार गंधर्वांपासून सुरुवात करू की भीमसेन जोशींपासून?

भीमसेनांपासून सुरुवात करावी आणि कुमारांपाशी पोहोचावे.

भीमसेन जोशी यांचा आवाज ऐकणाऱ्याला कोणतीही पूर्वअट घालत नाही. ‘माझे माहेर पंढरी’ ऐकताना राग कोणता हे ठाऊक नसले तरी चालते, कारण तान उठते तेव्हा ती कोठे जाऊन विसावणार आहे हे आपल्या शरीरालाच कळते. लगेच त्यामागोमाग त्यांनीच गायलेले कन्नड संतकवी पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ ऐकावे. भाषा बदलते, दैवत बदलते, परंतु ‘बारम्मा’ या हाकेतील आर्जव आणि ‘पंढरी’ या शब्दावरील ओढ एकाच गळ्यातून आल्या आहेत हे ऐकताक्षणी जाणवते.

कुमार गंधर्व वेगळे आहेत. बेळगावपासून जवळच असलेल्या सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ असे होते. बेळगावातील रंगमंदिराला त्यांचे नाव आहे, तरीही त्या रंगमंदिरात नित्य जाणाऱ्या अनेकांनी त्यांची एकही मैफल पूर्ण ऐकलेली नसते, याचे मला वाईट वाटते. क्षयरोगाने त्यांना काही वर्षे गाण्यापासून दूर ठेवले. देवास येथे अंथरुणावर असताना त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि पुढे जे गायले त्यात लहान लहान तुटक स्वरवाक्ये, मध्येच येणारी शांतता आणि त्या शांततेतून अचानक वर झेपावणारा स्वर असे नवेच काही आले. एका फुप्फुसाच्या मर्यादेतून ही शैली घडली असे अनेकदा सांगितले जाते. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण श्वास कोठे तोडायचा हे ते शब्दाच्या अर्थावरून ठरवत. त्यांची कबीराची निर्गुणी भजने रात्री उशिरा, दुसरे कोणतेही काम हाती न घेता ऐकावीत. पहिल्या बैठकीत आवडली नाहीत तर सहा महिने थांबावे आणि पुन्हा ऐकावीत.

६. हे सगळे गायक मूळचे कानडी. मग नाट्यसंगीत आणि अभंग ‘आपले’ कसे म्हणायचे?

या प्रश्नात गृहीत धरलेली वाटणी इतिहासात कधी झालेलीच नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगली संस्थानात विष्णुदास भावे यांना नाटकाची प्रेरणा मिळाली आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. १८८० मध्ये त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाला कायमचे रूप मिळाले. त्यांच्या पदांत कानडी चालींचा मोकळा वापर आहे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मातृभाषा कन्नड असूनही मराठी नाटकांत गायले आणि भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल हे दोघेही त्यांचेच शिष्य. उलट दिशेनेही हेच घडले. याच जिल्ह्यातील एणगी गावचे एणगी बाळप्पा यांनी कन्नड कंपनी नाटकात आयुष्य वेचले आणि त्या नाटकांच्या पदांत मराठी नाट्यसंगीताची छाया सहज ओळखू येते.

‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटातील ‘इंद्रायणी काठी’ हे गाणे गदिमांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि ते गायले गदगजवळच्या रोण येथे जन्मलेल्या भीमसेनांनी. पु. ल. तर काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आणि त्यामुळे तो कोणाला परका झाला नाही. म्हणून ‘आपले’ हा शब्द मी निःसंकोच वापरतो आणि शेजारच्या कन्नड भाषकानेही तो याच गाण्यांसाठी वापरला तर मला आनंदच होतो.

७. ‘जोगवा’ या चित्रपटाविषयी तुम्ही इतके भरभरून का बोलता?

कारण त्यातला देव आपल्या जिल्ह्यातला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगते-जोगतिणींची ही कथा राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. राजीव पाटील यांनी ती २००९ मध्ये पडद्यावर आणली. उपेंद्र लिमये यांना अभिनयासाठी, अजय-अतुल यांना संगीतासाठी, तर हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना ‘जीव दंगला’च्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुरस्कार योग्यच होते, परंतु माझ्या प्रेमाचे कारण चौंडके आहे.

सौंदत्तीच्या वाटेवर पुनवेच्या दिवसांत चौंडके जवळून ऐकलेल्या माणसाला हे लगेच पटेल. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला ताणलेले कातडे आणि कातड्यातून निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार, एवढेच ते वाद्य असते. ते काखेत दाबून धरतात, एका हाताने तार छेडतात आणि दुसऱ्या हाताने तिचा ताण कमी-जास्त करतात. त्यामुळे स्वर एका जागी उभा न राहता वाकत, घसरत जातो. हा घसरणारा स्वर जवळून ऐकताना पोटात कालवल्यासारखे होते. ‘लल्लाटी भंडार’मध्ये भव्य वाद्यमेळ आहे, तरीही त्या गजरात चौंडक्याच्या परंपरेचा ठेका दबलेला नाही आणि भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या माणसांची गर्दी सजावटीसाठी वापरलेली नाही. उपेंद्र लिमये यांनी साडी नेसवलेल्या पुरुषाची लाज खांद्यांतून आणि मानेतून दाखवली आहे. हसू यावे अशी एकही हालचाल त्यांनी केलेली नाही. देवदासी सोडण्याविरुद्ध कर्नाटकाने १९८२ मध्येच कायदा केला, पण कायद्याने जे एका ओळीत सांगितले, ते एका शरीरावर कसे घडते, हे मला या चित्रपटाने समजावले.

माझी एक तक्रारही आहे. ज्या डोंगरावर निम्म्याहून अधिक आरोळ्या कन्नडमधून उठतात, त्या डोंगराची कथा सांगताना कन्नडला याहून जास्त जागा द्यायला हवी होती.

८. ‘सैराट’चा कन्नड रिमेक पाहिला का? रिमेकविषयी तुमचे मत काय?

पाहिला. ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) मध्ये नायिकेची भूमिका पुन्हा रिंकू राजगुरू यांनीच केली, त्यामुळे तुलना टाळता येत नाही. मूळ ‘सैराट’ (२०१६) मध्ये नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या परिसराची भाषा, विहिरी, ऊस आणि वर्गातली बाके इतकी नेमकी उभी केली आहेत की कथा तेथून उपटता येत नाही. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करूनही गाणी गावातलीच वाटतात आणि म्हणूनच शेवटच्या प्रसंगातली संगीतशून्य शांतता असह्य होते. रिमेकमध्ये प्रसंग आले, चाली आल्या, गाव मात्र आले नाही.

मालिकांमध्येही तेच घडते. ‘तुझ्यात जीव रंगला’ या कोल्हापुरी मालिकेची ‘जोडी हक्की’ ही कन्नड आवृत्ती झाली. ती आमच्या शेजारी बरीच पाहिली जाई, मला मात्र मूळ मालिकेतील तालीम आणि तांबडा-पांढरा यांचीच आठवण येत राहिली. रिमेक करणाऱ्याने कथा घ्यावी आणि ती आपल्या गावात पहिल्यापासून पुन्हा लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

९. मराठी मालिकांमध्ये बेळगावची बोली का ऐकू येत नाही?

कारण मालिका लिहिणाऱ्यांना ती ठाऊक नाही आणि वाहिन्यांना तिची गरज वाटत नाही. ‘काय करुलालास?’, ‘जाऊलालो की’ असे आपण दिवसभर बोलतो, परंतु पडद्यावर ‘ग्रामीण’ या एकाच खणात कोल्हापूर, सोलापूर, सातारा आणि आपण असे सारेच कोंबले जातो. त्याहून अधिक खटकते ते असे की बोली कोणाच्या तोंडी द्यायची हे जणू आधीच ठरलेले असते. गडी, पैलवान, विनोदी मामा यांना बोली मिळते, तर डॉक्टर, प्राध्यापक आणि न्यायाधीश प्रमाण मराठीत बोलतात. बेळगावातील डॉक्टर आपल्या रुग्णाशी बोलीतच बोलतात, आपुलकीने आणि अचूक बोलतात. तो आवाज मला मालिकेत ऐकायचा आहे, हसवण्यासाठी नव्हे.

१०. मग मालिका पाहायचीच तर कोणती पाहावी?

‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका शंकर नाग यांनी १९८० च्या दशकात दूरदर्शनसाठी आगुंबे येथे चित्रित केली. कथा संपली की भाग संपतो, हा तिचा मोठा गुण आहे. आजच्या दैनंदिन मालिकांचा मूळ दोष मला लांबणीत दिसतो. दोन महिन्यांत सांगून होणारी गोष्ट तीन वर्षे चालवली की पात्रांना स्वभाव उरत नाही, फक्त कारस्थाने उरतात. शंकर नाग यांची घडण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली. ‘२२ जून १८९७’ (१९७९) या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा सहभाग होता. १९९० मध्ये एका अपघातात ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३५ होते. दोन्ही भाषांत इतक्या सहजतेने काम करणारा कलावंत नंतर मला दिसला नाही.

११. ‘केजीएफ’ आवडला का?

नाही. छायाचित्रण आणि संकलन यांची ताकद मान्य आहे, परंतु सगळी पात्रे घोषणा दिल्यासारखी बोलतात. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१२. सीमाप्रश्नात मराठीची बाजू घेता, मग कन्नड चित्रपटाचे कौतुक कसे करता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, तरी मी त्याचे शांतपणे उत्तर देतो. मराठी शाळा टिकाव्यात, कागदपत्रे मराठीत मिळावीत, दुकानाच्या पाटीवर मराठीला जागा असावी, ही माझी मागणी नागरिकाच्या हक्काची आहे. एखाद्या गायकाने किंवा दिग्दर्शकाने तो हक्क माझ्याकडून काढून घेतलेला नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी ऋषभ शेट्टी यांचा ‘सरकारी हिरिय प्राथमिक शाळे, कासरगोडु, कोडुगे: रामण्ण रै’ (२०१८) हा चित्रपट पाहण्याची विनंती करतो. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कासरगोड हा केरळमधील सीमेवरचा जिल्हा आहे आणि तेथे कन्नड भाषक अल्पसंख्य आहेत. गावातील कन्नड शाळेवर मल्याळम बोलणारा शिक्षक नेमला जातो, पोरांना गणित कळेनासे होते, पटसंख्येचे कारण पुढे करून शाळा बंद पाडण्याचा घाट घातला जातो आणि शेवटी मुलेच म्हैसूरहून एका वडीलधाऱ्या गृहस्थाला आणून न्यायालयात उभे करतात. ही भूमिका अनंत नाग यांनी केली आहे. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही या चित्रपटातली एकही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. जागांची नावे आणि भाषांची नावे बदलली की ती आपलीच तक्रार आहे. ज्या कन्नड मित्रांना आपली मागणी हट्टाची वाटते, त्यांच्यासोबत बसून मी हा चित्रपट मुद्दाम पाहतो, कारण चित्रपट संपल्यावर होणारे बोलणे नेहमीच्या वादापेक्षा फार वेगळे असते.

आणखी एक गोष्ट. ब्रिटिशांविरुद्ध लढलेले कित्तूरचे वीर संगोळी रायण्णा यांना १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आले. त्यांच्यावरील कन्नड चित्रपटात (१९६७) लता मंगेशकर यांनी ‘बेळ्ळने बेळगायितु’ हे गाणे गायले आहे. ते गाणे कोणत्या बाजूचे, हे मला सांगता येणार नाही.

१३. गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बी असावा का?

नसावा. बेळगावच्या शिवजयंतीतील चित्ररथ ही जपण्याजोगी गोष्ट आहे. जिवंत पात्रे शिवचरित्रातील प्रसंग सादर करतात आणि लोक रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून पाहतात. मागून डॉल्बीच्या भिंती आल्या की त्या पात्रांचे संवाद ऐकू येत नाहीत, पोवाडा बुडतो आणि घराच्या काचा थरथरतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंधन घालणारे नियम २००० सालापासून आहेत, सणांपुरती मर्यादित सवलत असते. पण मला नियमापेक्षा ऐकण्याची चिंता अधिक आहे. झांजपथक आणि लेझीम यांचा ताल माणसाला पावले टाकायला लावतो, डॉल्बीचा दणका छातीत धडकतो आणि तेथेच थांबतो.

१४. आजी-आजोबांना सबटायटल वाचता येत नाहीत आणि लहान मुलांना तेवढा वेग नसतो. त्यांच्यासाठीही मूळ भाषेचाच आग्रह धरावा का?

येथे मात्र मी आग्रह सोडतो. प्रश्न ४ मधील माझे मत वाचू शकणाऱ्या प्रौढ प्रेक्षकांपुरते आहे. दृष्टी कमी झालेल्या माणसाला डब केलेला चित्रपट पाहू द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मराठीतील ‘किल्ला’ आणि ‘नाळ’ आहेतच. प्रश्न १२ मधील कासरगोडच्या शाळेचा चित्रपट मात्र मुलांना मूळ कन्नडमध्येच दाखवावा, कारण न कळणाऱ्या भाषेत शिकवले जाणे हाच त्याचा विषय आहे. मोठ्यांपैकी कोणी शेजारी बसून अडेल तेथे चित्र थांबवावे आणि दोन वाक्यांत सांगावे. अडीच तासांच्या चित्रपटाला अशाने दोन संध्याकाळी लागतात, तेवढा वेळ द्यावा.